कराडचे साडेआठ, ड्रेस्डेनचे चार

ताई,
मी कराडची, पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन विद्यापीठांमधील करारानुसार एका सत्रासाठी ऑक्टोबरमध्ये जर्मनीत ड्रेस्डेनला आले. बाबांनी मुदत ठेव मोडून पैसे उभे केले. इथे मी वर्गात नसले तरी कोणाच्या लक्षातही येत नाही. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात मी फोडणी घातली की शेजारची मुलगी उठून खिडकी उघडते, म्हणून हल्ली मी खोलीतच कुकरमध्ये खिचडी लावते. रोज चार वाजता घरी व्हिडिओ कॉल करते. आई फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवते आणि सगळे जेवत असतात. मी ‘सगळे छान चालले आहे’ असे सांगते आणि फोन ठेवल्यावर रडते. नाताळच्या बाजाराचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले, तर आत्याने लिहिले, ‘मजा आहे बुवा एका मुलीची.’ अजून दोन महिने काढायचे आहेत आणि मला परत यायचे आहे. बाबांना कोणत्या तोंडाने सांगू?
(पत्र संक्षिप्त केले आहे.)

प्रिय मुली,

तुझे पत्र वाचताना सर्वांत आधी माझी नजर अडली ती फोनच्या वेळेवर. हिवाळ्यात आपल्या आणि जर्मनीच्या घड्याळात साडेचार तासांचे अंतर असते, म्हणजे तुझे चार वाजतात तेव्हा कराडमध्ये साडेआठ झालेले असतात. डिसेंबरात ड्रेस्डेनचा सूर्यही चारच्या सुमारासच मावळतो. थोडक्यात, तुझ्या खिडकीबाहेर अंधार पडू लागतो नेमक्या त्याच वेळी तू घरची वाढलेली ताटे पाहत बसतेस. उपाशी माणसाने रोज दुसऱ्याच्या पंगतीसमोर जाऊन बसावे, असा हा प्रकार आहे आणि त्यानंतर रडू आले नसते तरच मला नवल वाटले असते. इरावतीबाई कर्वे १९२८ साली संशोधनासाठी बर्लिनला गेल्या, तेव्हा बोटीने जाणाऱ्या पत्राला दोन-तीन आठवडे सहज लागत. त्या काळाकडे परत जायला हवे, असे मी मुळीच म्हणत नाही; पण घरचे जेवण रोज समोर दिसणे हे सुखच असते, असे मात्र समजू नकोस. ही चारची वेळ आजपासून बदल. त्या तासाला ग्रंथालयात बस, ट्रामने गावात जाऊन ये, काहीही कर, फक्त खोलीत एकटी थांबू नकोस.

आता वर्गाविषयी. पुण्यात तू सबमिशन, टर्म वर्क, ओरल आणि हजेरी यांच्या चक्रात वाढलीस. त्या चक्राला आपण कितीही नावे ठेवली तरी त्यात दर आठवड्याला कोणीतरी आपले नाव पुकारते. जर्मन विद्यापीठांत बहुतेक व्याख्यानांना हजेरी घेतली जात नाही आणि बऱ्याच विषयांचा निकाल सत्राच्या शेवटच्या एकाच परीक्षेवर ठरतो. तास संपल्यावर मुले बाकांवर बोटांची पेरे ठकठक वाजवून शिक्षकांना दाद देतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. तुझे नसणे कोणी टिपत नाही हे खरे, परंतु तिथे ते कोणाचेच टिपले जात नाही. ओळखी होतात त्या व्याख्यानांपेक्षा गणिते सोडवण्याच्या छोट्या सराव-वर्गांत, कारण तिथे शेजाऱ्याच्या वहीत डोकावावेच लागते. असे वर्ग तू चुकवत असशील, असा मला दाट संशय आहे.

खिडकीबद्दल मात्र मला तुझ्या शेजारणीची बाजू घ्यायची आहे. जर्मन माणूस कडाक्याच्या थंडीतही दिवसातून एक-दोनदा खिडकी सताड उघडून खोलीतली हवा बदलतो. बंद घरात ओल धरते, भिंतींवर बुरशी येते आणि ती येऊ नये म्हणून हवा खेळती ठेवणे हे भाडेकरूचे कर्तव्य मानले जाते. स्वयंपाकाची वाफ दिसली की तिचा हात खिडकीकडे जातो, तो बहुधा तुझ्या हिंगामुळे नसून लहानपणापासूनच्या सवयीने. मी तिथे नव्हते, तेव्हा तिच्या मनात नाक मुरडणे नव्हतेच, अशी हमी मी देऊ शकत नाही; परंतु तू तिला विचारलेही नाहीस आणि एका खिडकीपायी स्वतःचे अर्धे घर सोडून दिलेस. पुढच्या वेळी मोहरी तडतडण्याआधी खिडकी तूच उघड आणि तिला विचार, की थालीपीठ खाणार का. ती नको म्हणाली तरी स्वयंपाकघरातला ओटा तुझाही आहे, त्याचे भाडे तू भरतेस.

परत येण्याच्या प्रश्नावर मी हो किंवा नाही असे सांगणार नाही, पण तिकीट काढण्याआधी काही गोष्टी तपासून घे. मध्येच निघालीस तर तिथले क्रेडिट मिळणार नाहीत आणि पुण्यातले सत्रही हातचे गेलेले असेल. तू नियमाप्रमाणे ३० ईसीटीएस (युरोपातील विद्यापीठांची क्रेडिट पद्धत) क्रेडिटचे विषय घेतले असतील, तर एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास या हिशेबाने ते ७५० ते ९०० तासांचे काम होते, आणि नव्या देशात पहिल्याच हिवाळ्यात ते कोणालाही जड जाईल. लर्निंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये (कोणते विषय घेणार, याच्या लेखी करारात) दुरुस्ती करता येते, म्हणून एखादा विषय कमी करता येईल का, हे दोन्हीकडच्या समन्वयकांना याच आठवड्यात लिहून विचार. परीक्षेतून नाव मागे घेण्याची मुदत उलटली की हा मार्ग बंद होतो. पैशांचे म्हणशील, तर ब्लॉक्ड खात्यात (व्हिसासाठी खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवायच्या खात्यात) दरमहा ९९२ युरोप्रमाणे ठेवलेल्या रकमेपैकी न वापरलेली रक्कम खाते बंद केल्यावर परत मिळते. बाबांची सगळी ठेव बुडेल या भीतीने निर्णय घेऊ नकोस.

झोप लागत नसेल, दिवस-दिवस अंथरुणातून उठवत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वरचे सगळे बाजूला ठेव. विद्यार्थ्यांची वसतिगृहे आणि खानावळी चालवणाऱ्या संस्थांकडे तिथे मानसिक समुपदेशनाचीही सोय असते, अनेक ठिकाणी इंग्रजीतूनही. आजच वेळ घे आणि जिवावर बेतण्यासारखे काही वाटले तर थेट ११२ ला फोन कर. अशा वेळी घरी परतणे हा उपचाराचा भाग ठरू शकतो आणि तिथे क्रेडिटचा हिशेब कोणी करू नये.

राहता राहिले बाबा. मला वाटते, तुला एकटेपणापेक्षाही रोजचे ते ‘छान चालले आहे’ जास्त थकवते आहे. आत्याने मजा म्हटले, कारण तू तिला फक्त दिवे दाखवलेस. ड्रेस्डेनचा तो बाजार १४३४ पासून भरतो आहे, फोटोत तो सुंदरच दिसणार; पण त्या गर्दीत तू एकटीच फिरत होतीस, हे फोटोत कुठून येणार? ठेव मोडणाऱ्या बापाला मुलगी खूश असल्याचे ऐकायला आवडते, हे मान्य. परंतु दोन महिन्यांनंतर खरे कळले तर त्याला पैशांपेक्षा या गोष्टीचे वाईट वाटेल, की पोरगी रोज समोर दिसत होती आणि आपल्याला काही कळले नाही. त्यांना परतण्याची परवानगी मागू नकोस, सल्लाही मागू नकोस. मला इथे फार एकटे वाटते आणि मी ते तुमच्यापासून लपवले, एवढेच सांग. त्यानंतर काही वेळ दोन्हीकडे कोणी बोलणार नाही, तेव्हा घाईने हसून विषय बदलू नकोस.

हे जेवणाच्या वेळी, सगळ्यांसमोर सांगायचे नाही. शनिवारी तुझ्या सकाळी साडेआठला फोन कर. कराडमध्ये तेव्हा दुपारचा एक वाजलेला असेल, आणि तुझ्या बाहेर उजाडलेले असेल.

तुझी,
ताई