पाच वर्षं, दहा की पंधरा? आणि ‘असायलम टाका’ म्हणणाऱ्या एजंटाचं काय करायचं

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला घाई आहे. त्या एजंटाला एक पौंडही देऊ नका. इसार दिला असेल तर तो गेला समजा आणि पुढचा हप्ता थांबवा.

नंतर वाचणाऱ्यांसाठी ताईंची गोष्ट थोडक्यात: मार्च २०२३ मध्ये कोल्हापूरहून केअर व्हिसावर इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या एका केअर होममध्ये (वृद्ध-आजारी माणसांची देखभाल करणाऱ्या संस्थेत) आल्या, मिस्टर डिपेंडंट म्हणून सोबत. मुलगी इथंच झाली, आता दीड वर्षाची. मालकाचं स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी कामगार ठेवायचा परवाना, जाणार अशी कुजबुज आहे. आयएलआर, म्हणजे इथं कायम राहायची परवानगी, पाचव्या वर्षी मिळणार, दहाव्या की पंधराव्या, हा पहिला प्रश्न. आणि एजंट म्हणतोय, ‘असायलम (मायदेशी जिवाला धोका आहे म्हणून आश्रय) टाका, सहा महिन्यांत कामाची परमिशन, वर सरकारी घर’, ते खरं का, हा दुसरा.

खरं नाही. असायलमचा अर्ज केल्यावर १२ महिने निकाल लागला नाही आणि उशीर तुमच्यामुळे झालेला नसेल, तर कामाची परवानगी नुसती मागता येते. मिळाली तरी ती सरकारच्या एका यादीतल्या ठरावीक कामांपुरतीच. आताचा व्हिसा आहे तोवर तुमचं काम चालेल. तो संपला की मग सरकार देईल ती खोली, देईल त्या गावात, आणि स्वतः रांधून खायचं असेल तर माणशी आठवड्याला ४९.१८ पौंड. जेवणासकट हॉटेलात ठेवलं तर हातात त्याहून कितीतरी कमी.

शिवाय दावा टिकायला हवा. भारताचं नाव २००५ पासून एका यादीत आहे. त्या यादीतल्या देशाच्या माणसाचा दावा, वेगळं काही दिसलं नाही तर, ‘उघडच निराधार’ असा शिक्का मारून फेटाळला जातो. २०२२ च्या नॅशनॅलिटी अँड बॉर्डर्स ॲक्टनं असा शिक्का बसलेल्यांचा अपिलाचा हक्कही काढून टाकला. आणि समजा दावा मंजूर झालाच, तर? १७ नोव्हेंबर २०२५ ला गृहमंत्री शबाना महमूद यांनी जाहीर केलेल्या बेतानुसार निर्वासित ठरलेल्यालाही अडीच-अडीच वर्षांचंच संरक्षण, दर वेळी फेरतपासणी आणि कायमच्या वास्तव्यासाठी २० वर्षं. पंधरा वर्षं चुकवायला वीस वर्षांच्या रांगेत कोण उभं राहतं?

एक सांगतो, गैरसमज नको. आपल्याकडच्या कुणाला खरंच जिवाची भीती असूच शकत नाही, असं मी म्हणत नाही. जातीबाहेर लग्न केलेली, घरच्यांच्या धमक्या येणारी मुलं मी इथं पाहिली आहेत. त्यांनी जरूर दावा करावा, पण वकिलाकडून. तुमच्या लिहिण्यात तसं काही नाही. एजंट ‘गोष्ट आम्ही लिहून देतो’ म्हणाला ना? ती गोष्ट तुमच्या नावावर कायमची नोंदली जाते, त्याच्या नाही.

इथं इमिग्रेशनचा सल्ला व्यवसाय म्हणून द्यायचा तर नोंदणी लागते. वकील नसेल तर इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे, जिला जानेवारी २०२५ पर्यंत ओआयएससी म्हणायचे. नोंदणीशिवाय सल्ला देणं १९९९ च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्यांच्या साइटवर नाव टाकून शोधा. सापडलं नाही तर फोन उचलणं बंद करा.

आता पाच, दहा, पंधरा.

ब्रिटनमध्ये गाजतात ते कायदे, आणि आपल्यासारख्यांचं आयुष्य बदलतं ते नियमांनी. आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवायच्या योजनेचंच बघा. सुप्रीम कोर्टानं १५ नोव्हेंबर २०२३ ला ती योजना बेकायदा ठरवली, तर सरकारनं एप्रिल २०२४ मध्ये ‘रवांडा सुरक्षित आहे’ असा कायदाच करून टाकला. जुलैत सरकार बदललं, योजना गुंडाळली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये नव्या बॉर्डर सिक्युरिटी कायद्यानं तो कायदाही रद्द झाला. एवढ्या गदारोळाचा तुमच्या व्हिसावर काडीचा परिणाम नाही. पण त्याच काळात, फारसा आवाज न करता, ११ मार्च २०२४ पासून नव्या केअर वर्कर्सना कुटुंब आणायला बंदी झाली. ४ एप्रिल २०२४ ला स्किल्ड वर्करची पगाराची अट २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर गेली, मग २२ जुलै २०२५ ला ४१,७०० वर. त्याच दिवशी परदेशातून केअर वर्कर आणणं बंद झालं. यातल्या कशालाही नवा कायदा लागला नाही.

कारण १९७१ चा इमिग्रेशन ॲक्ट. त्यानुसार गृहमंत्री नियमांतल्या बदलांचं निवेदन पार्लमेंटपुढे ठेवतात. ४० दिवसांत कुठल्याही सभागृहानं नापसंतीचा ठराव केला नाही तर बदल कायम, आणि तो लागू व्हायला ४० दिवस सरायचीही गरज नसते. म्हणून बातमी आली की पहिलं बघायचं, हा कागद कसला आहे. श्वेतपत्रिका म्हणजे इरादा. कन्सल्टेशन म्हणजे ‘आमचा असा विचार आहे, बोला’. नियमबदलाचं निवेदन निघालं की मात्र खरं. आणि त्यातली अंमलबजावणीची कलमं आधी वाचायची, कारण आधीपासून इथं असलेल्यांचं काय, हे तिथं एखाद्या ओळीत उरकलेलं असतं. मथळ्यात ते कधी येत नाही.

तुमचं सगळं प्रकरण जानेवारी २०२६ मध्ये कन्सल्टेशनच्या पायरीवर होतं. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत पाचाची दहा वर्षं आली. २० नोव्हेंबरच्या मसुद्यात तपशील आला: साधारण १० वर्षं, पदवीच्या पातळीखालच्या कामांना, म्हणजे केअरसकट, १५. सलग तीन वर्षं ५०,२७० पौंड कमावणाऱ्याला पाच वर्षं माफ. (केअर होमच्या रात्रपाळीत ५०,२७०! ज्यानं लिहिलं त्याला एकदा तुमच्या होममध्ये बारा तास उभं करायला हवं.) सरकारी भत्ते घेतले तर उलट पाच ते दहा वर्षं वाढ. नवऱ्याची वर्षं तुमच्याबरोबर न मोजता वेगळी. आणि हे सगळं, ज्यांना अजून आयएलआर मिळालेला नाही अशा इथल्या लोकांनाही लागू करायचं, असा मानस. आधी आलेल्यांना सवलत द्यावी का, हे मात्र त्यातच विचारलं होतं. १२ फेब्रुवारी २०२६ पर्यंत उत्तर देता येत होतं.

‘आधी आलेल्यांना बदल लावूच शकत नाहीत, कोर्ट उडवून लावेल’ असं इथं बरेच जण लिहितात. तो कोर्टाचा निकाल मी जगलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

मी ऑक्टोबर २००४ मध्ये पुण्याहून एचएसएमपीवर, म्हणजे उच्च कौशल्याच्या लोकांसाठीच्या तेव्हाच्या व्हिसा योजनेवर, आलो. चार वर्षांनी आयएलआर, असं ठरलेलं. निघायच्या आधी डेक्कनवरच्या सायबर कॅफेत त्या योजनेची माहितीपुस्तिका छापून घेतली होती, पानाला दोन रुपये. एप्रिल २००६ मध्ये चाराची पाच वर्षं झाली. नोव्हेंबर २००६ मध्ये मुदतवाढीचे गुणच बदलले, आणि माझ्यासारखे कितीतरी जण एका रात्रीत नापास. माझ्याबरोबर घर वाटून घेणारा नागपूरचा मित्र सामान विकून परत गेला. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही त्याचा टीव्ही कुणाला द्यायचा यावर बोलत होतो, आणि मी उगाच ती पुस्तिका चाळत होतो. त्यात प्रश्नोत्तराच्या स्वरूपात लिहिलेलं होतं की योजनेत फेरफार झाले तरी आधी आलेल्यांना राहता येईल आणि चार वर्षांनी कायम होण्यासाठी अर्ज करता येईल.

त्याच मजकुरावर एचएसएमपी फोरम या आपल्यासारख्याच लोकांच्या संघटनेनं दावा लावला. एप्रिल २००८ मध्ये हायकोर्टात सर जॉर्ज न्यूमन यांनी निकाल दिला की शब्द देऊन बोलावलेल्यांना नव्या अटी लावणं अन्यायाचं आहे. वर्षभरानं दुसऱ्या निकालात आमची चार वर्षंही परत मिळाली. मला २००९ मध्ये आयएलआर मिळाला. मित्र तोवर नागपुरात स्थिरावला होता, तो काही परत आला नाही.

पण ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते. आम्ही जिंकलो ते सरकारनं लेखी शब्द दिला होता म्हणून. त्याच २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं ओडेलोला नावाच्या नायजेरियन डॉक्टरबाईंच्या खटल्यात उलट सांगितलं: अर्ज केला त्या दिवसाचे नव्हे, निर्णय होतो त्या दिवसाचे नियम लागू, नियमबदलात वेगळं म्हटलेलं नसेल तर. बाईंनी अर्ज केला तेव्हा त्या पात्र होत्या. निर्णय होईपर्यंत नियम बदलला आणि त्या बाहेर. तुमच्या व्हिसाच्या पत्रात पाच वर्षांनी काय मिळेल याचा शब्द कुठं आहे का? माझ्या पाहण्यात कुणाच्याच पत्रात तो नाही. त्यामुळे कोर्टावर भिस्त ठेवू नका. मार्च २०२८ ला तुमची पाच वर्षं भरतात. तोवर नियम बदलले आणि जुन्यांना सवलत मिळाली नाही, तर पंधरा. मला विचाराल तर केअरवाल्यांना थोडीफार सूट मिळेल असं वाटतं, पण त्या वाटण्यावर घर घेऊ नका.

आता जे तुमच्या हातात आहे ते. तुमचा सीओएस (मालकानं दिलेलं स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र) तीन वर्षांचा असेल तर व्हिसा मार्च २०२६ मध्येच संपतो! आयएलआरच्या चर्चेत हे तुम्ही लिहिलंच नाहीत. मुदत संपायच्या आत अर्ज गेला तर निर्णय होईपर्यंत १९७१ च्याच कायद्याच्या ३सी कलमानं जुनी परवानगी चालू राहते. एक दिवस उशीर झाला तर नाही. पगार तासाला किमान १२.८२ पौंड हवा, जुन्या ११.९० वर अडकलेल्या पुष्कळ जणी मला माहीत आहेत. आणि अर्जाचा निर्णय व्हायच्या आत मालकाचं लायसन्स गेलं तर तो अर्जही बुडतो.

म्हणून दुसरा स्पॉन्सर आजच शोधायला लागा. लायसन्स गेलं की होम ऑफिसचं, म्हणजे इथल्या गृहखात्याचं, पत्र येतं आणि साधारण ६० दिवस मिळतात, ते फार थोडे. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: बाहेरून माणसं आणणं बंद झाल्यामुळे इथं असलेल्या अनुभवी केअर वर्करला मागणी आहे, आणि स्पॉन्सर गमावलेल्यांना नवं काम शोधून द्यायला इंग्लंडमध्ये विभागवार यंत्रणा आहे. नवा मालक सीओएसच्या खर्चाचे पैसे मागू लागला तर उठून या. ते कामगाराकडून वसूल करायला ३१ डिसेंबर २०२४ पासून मनाई आहे. आणि नव्या अर्जाची मंजुरी हातात येईपर्यंत नव्या जागी पूर्णवेळ रुजू होऊ नका.

मुलीबद्दल. इथं जन्मली म्हणून ती ब्रिटिश झाली नाही, ते दिवस १ जानेवारी १९८३ ला संपले. पण १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्यात तिच्यासाठी दोन वाटा आहेत. तुमच्यापैकी एकाला आयएलआर मिळाला की तिची नोंदणी करता येते. किंवा जन्मापासून दहा वर्षं ती इथंच वाढली तर तिच्या स्वतःच्या हक्कानं, तुमचं काहीही होवो. त्यात अट अशी की या दहांपैकी कुठल्याही वर्षी ती ९० दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर नको. दोघांच्या शिफ्ट जुळत नाहीत म्हणून तिला वर्षभर आजीकडे ठेवायचा विचार तुम्ही लिहिलाय. कळतं मला, आमच्याही थोरल्याच्या वेळी तीच तारांबळ होती. पण आजीला इकडे व्हिजिटवर बोलवा. जास्त गैरहजेरी माफ करायचा अधिकार होम ऑफिसला असतो, पण तो त्यांच्या मर्जीचा.

आणि चाइल्ड बेनिफिट घेत नाही ना? शेजारीण म्हणते म्हणून फॉर्म भरणाऱ्या दोघी मला ठाऊक आहेत. तो सरकारी भत्त्यांतच मोजतात, तुमच्या व्हिसावर तो आजही चालत नाही.

तुमच्या ई-व्हिसा खात्यात लॉगिन करून शेवटची तारीख बघा आणि इथं फक्त तेवढीच लिहा. सीओएसचा नंबर किंवा पासपोर्टचा फोटो टाकू नका, मलाही पाठवू नका. तारीख कळली की अर्ज आधी करायचा की स्पॉन्सर आधी बदलायचा, ते सांगतो.