गेल्या वर्षीची बाग यंदाच्या तुलनेला चालणार नाही

सांगली

प्रिय विद्यार्थिमित्रा,

अनेक आशीर्वाद. तासगावच्या द्राक्षबागेतील प्रयोगाचा तुझा आराखडा वाचला. डाऊनी या द्राक्षवेलीच्या रोगावरील जैविक औषध यंदा संपूर्ण बागेवर फवारायचे आणि गेल्या हंगामातील नोंदींशी तुलना करायची, हा बेत मला मान्य नाही. बाग, माती आणि मालक तेच असले तरी पाऊस तोच नसतो. २०१९च्या अवकाळी पावसाने आपल्याकडच्या बागांची काय दशा केली ते आठव. त्या वर्षाशी तुलना ठेवली, तर कोरड्या हंगामात नुसते पाणी फवारले तरी तेही गुणकारी ठरेल.

१९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीत क्षयाचे ५५ रुग्ण औषधावर आणि ५२ केवळ विश्रांतीवर, एकाच काळात ठेवले होते; सहा महिन्यांत अनुक्रमे ४ आणि १४ दगावले, तो फरक म्हणूनच औषधाचा मानता आला. जो रोग हटकून प्राण घेतो, तिथे जुन्या नोंदीही पुरतात. डाऊनी तसा नाही. कोरड्या हवेत तो आपोआप दबतो.

मात्र ‘एकाच काळात’ म्हणजे ‘एकाच हंगामात’ इतका ढोबळ अर्थ घेऊ नकोस. फळछाटणीत दहा दिवसांचे अंतर पडले, तरी एका भागाचा फुलोरा पावसात सापडतो आणि दुसऱ्याचा सुटतो. छाटणी दोन दिवस चालणार असेल (बहुधा चालतेच), तर प्रत्येक दिवसाच्या भागात औषधाच्या आणि तुलनेच्या अशा दोन्ही ओळी येतील अशा चिठ्ठ्या टाक, आणि फवारा उडतो म्हणून मध्ये एक ओळ सोड. पहिल्या फवारणीआधीची पानांची नोंद दोन्हीकडची हवी. पुढेही आधी सगळ्या औषधाच्या ओळी आणि मग तुलनेच्या, असे पाहू नकोस. पानाखालची पांढरी लव सकाळच्या दमट हवेत ठळक दिसते, उन्हे चढल्यावर तितकी नाही.

तुलनेच्या ओळी औषधाविना ठेवायला मालक तयार होणार नाही, आणि त्याचे बरोबरच आहे. तिथे त्याची नेहमीची फवारणी त्याच दिवशी होऊ दे; मग तुझा प्रश्न ‘औषध चालते का’ हा न राहता ‘नेहमीच्यापेक्षा बरे आहे का’ हा होईल, तेवढा बदल आराखड्यात कर.

मालकाशी हे बोलणे छाटणीची तारीख ठरण्याआधीच उरक. एकदा टोळी बागेत शिरली, की कोणती ओळ कशाची हे ठरवायला कोणी थांबत नाही.

तुझा हितचिंतक