फिनिक्सला जाताय? शिंकांची तयारी मुंबईतच करा

तुमचा प्रश्न असा: मुलुंडला पावसाळाभर शिंका, नाक चोंदणं, अधूनमधून दम, फेब्रुवारीत अमेरिकेतल्या फिनिक्सला बदली, कोरड्या हवेत हे थांबेल का?

अर्धं थांबेल. मुंबईत छळतात ते मुख्यतः गादीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे) आणि ओल आलेल्या भिंतींवरची बुरशी. दोघांनाही दमटपणा लागतो, तो तिथे नाही. पण परागकण भरपूर, आणि फेब्रुवारी म्हणजे ऐन हंगामाचं तोंड. जानेवारीपासून ज्युनिपर-सायप्रस आणि अ‍ॅश ही झाडं, मार्च ते मे ऑलिव्ह, तुती, पालोव्हर्डे आणि मेस्कीट, एप्रिलपासून बर्म्युडा गवत, सप्टेंबरनंतर रॅगवीड आणि टंबलवीड हे तण. पहिलं वर्ष बरं गेलं तरी निर्धास्त राहू नका. नव्या परागकणांची अ‍ॅलर्जी जडायला एक-दोन हंगाम जावे लागतात.

यातल्या काहींशी आपली जुनी ओळख आहे. बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळीच, मेस्कीट ही वेड्या बाभळीची बहीण, आणि रॅगवीड गाजरगवताच्या नात्यातलं. म्हणून निघण्याआधी मुंबईतच स्किन प्रिक टेस्ट (त्वचेवर टोचून अ‍ॅलर्जी बघायची तपासणी) करून घ्या आणि त्यात सायनोडॉन (हरळी), प्रोसोपिस (वेडी बाभूळ), पार्थेनियम (गाजरगवत) हे तिन्ही घ्यायला सांगा. टेस्टच्या आधी सात दिवस सेट्रिझिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर रिपोर्ट खोटाच 'निल' येतो. गोळी बंद करायची ती डॉक्टरांना विचारून. दम्याचा पंप मात्र आपल्या मनाने थांबवू नका.

घर बघताना स्वयंपाकघराआधी आवार बघा. खिडकीखाली ऑलिव्ह किंवा फळ न धरणारी तुती असेल तर दुसरं घर शोधा; परागकण उधळतात ती हीच झाडं. शेजारच्या टुसॉनच्या पिमा काउंटीने १९८४ मध्ये या दोन्हींवर बंदी आणली, तरी आधीची झाडं उभीच राहिली. लॉनऐवजी खडी टाकलेलं आवार उत्तम. आणि छतावर जुना पाण्याचा कूलर असेल तर नको म्हणा. तो बाहेरची हवा धुळीसकट आत ओढतो आणि घर दमट करतो, म्हणजे जे माइट्स मागे सोडून आलात त्यांना पुन्हा आमंत्रण.

सेंट्रल एसी असेल तर सगळा खेळ फिल्टरचा. जुना फिल्टर ओढून काढा, कडेवर माप छापलेलं असतं (२०×२५×१ इंच वगैरे), त्याचा फोटो काढून ठेवा. नवा घेताना मर्व्ह ११ पुरे (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो त्याचा आकडा). एक इंच जाडीत मर्व्ह १३ बसवला की जुन्या यंत्राला हवा ओढवत नाही, कॉइलवर बर्फ धरतो आणि ऐन जूनमध्ये थंडावा बंद पडतो. कडेवरचा बाण यंत्राच्या दिशेने हवा. उन्हाळ्यात महिन्याला बदला. धुळीचं वादळ येऊन गेलं तर लगेच बघा. गॅलरीत कपडे वाळत घालायची सवय मात्र सोडा. दोन तासांत सुकतात खरे, पण चादरीवर दिवसभराचे परागकण घेऊन झोपाल.

औषधाचं म्हणाल तर फ्ल्युटिकासोनचा नाकातला स्प्रे तिथे चिठ्ठीविना मिळतो. तो गोळीसारखा तासाभरात गुण देत नाही. पूर्ण असर यायला एक-दोन आठवडे लागतात, त्यामुळे तुम्ही जानेवारीच्या मध्यापासून इथेच सुरू करा. डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, उजव्याने डाव्या, नळीचं तोंड कानाकडे. मधल्या पडद्यावर फवारा बसला की कोरड्या हवेत घोळणा फुटतो. तसं झालं तर सलाइन जेल लावा आणि दोन दिवस स्प्रे थांबवा. नाक मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन दिवसांपेक्षा जास्त नकोत, नाक उलट जास्त चोंदतं.

जलनेती करत असाल तर नळाचं पाणी अजिबात नको. डिस्टिल्ड घ्या किंवा मिनिटभर खळखळून उकळून कोमट केलेलं. नळाच्या पाण्यातला एक अमीबा नाकातून मेंदूत जाऊ शकतो, क्वचित, पण जिवावर बेततं. पाव लिटर पाण्याला छोटा चमचा अर्धा भरून बिनआयोडीनचं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा.

मॉन्टेलुकास्ट या दम्या-अ‍ॅलर्जीच्या गोळीला तिथे प्रिस्क्रिप्शन लागतं, म्हणून तीन महिन्यांचा साठा मूळ पाकिटांत आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र सोबत ठेवा. पत्रात औषधांची मूळ नावं हवीत, कंपनीची नकोत. आपला साल्ब्युटामॉलचा पंप तिथे अल्ब्युटेरॉल म्हणून मिळतो.

शेवटचं, आणि हे अ‍ॅलर्जीत धरलं जाऊन राहून जातं. तिथल्या मातीत व्हॅली फिव्हर या फुफ्फुसाच्या आजाराची बुरशी असते. खोदकाम आणि वादळांत ती हवेत येते. धूळ लागल्यानंतर एक ते तीन आठवड्यांत ताप, खोकला, भयंकर थकवा. शिंका आणि डोळ्यांची खाज नाही, ताप आहे, तर ती अ‍ॅलर्जी नव्हे. डॉक्टरांकडे रक्ततपासणी तुम्हीच मागा. वादळ दिसलं की दारं-खिडक्या बंद, बाहेर असाल तर एन-९५, आणि गाडीत एसी आतल्या हवेवर.