बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील तरुण मुले टोळ्यांमध्ये का ओढली जातात?

केवळ गरिबी हे उत्तर मला अपुरे वाटते. दहावीला नापास होऊन घरी बसलेल्या, वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत पाळीवर असलेल्या मुलाला आपुलकीने हाक मारणारा पहिला मोठा माणूस गल्लीतला दादाच असेल, तर पैशापेक्षा त्या मानासाठीच तो मुलगा त्याच्यामागे जातो. सुरुवात निरोप पोहोचवण्यासारख्या किरकोळ कामाने होते; पुढे उपकाराचे ओझे आणि भीती त्याला बाहेर पडू देत नाही. अल्पवयीनांना शिक्षा कमी, हा हिशेब दादा करतो. परंतु २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार निर्घृण गुन्ह्यात १६ ते १८ वयाच्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो, हे त्या मुलाला कोणीच सांगत नाही. मुलांना बेकायदा कामांसाठी वापरणाऱ्या प्रौढाला त्याच कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.