नॅनोपार्टिकलवाला इलेक्ट्रोड एन्झाइमशिवाय ग्लुकोज मोजतो, मग ग्लुकोमीटरच्या पट्टीवर अजून एन्झाइमच का असतं?

तुम्ही विचारलंय की निकेल, तांबं, सोनं यांचे नॅनोपार्टिकल (अतिसूक्ष्म कण) लावून रिसर्च पेपरमधे ग्लुकोज इतकं छान मोजून दाखवतात तर मग ते पट्टीवर का येत नाही. मी प्रोजेक्टला निकेलच घेतलं होतं आणि नेमकी इथेच अडकले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूळ क्रिया साधी आहे. ग्लुकोजच्या रेणूतून दोन इलेक्ट्रॉन काढले की त्याचं ग्लुकोनोलॅक्टोन होतं (ते पाण्यात पुढे ग्लुकोनिक ॲसिड होतं), आणि ते इलेक्ट्रॉन तारेतून गेले की करंट मिळतो, ग्लुकोज जास्त तर करंट जास्त. १९६२ साली क्लार्क आणि लायन्स यांनी एन्झाइम इलेक्ट्रोडची कल्पना मांडली तेव्हापासून इलेक्ट्रॉन काढायचं काम एन्झाइमकडे आहे. पण एन्झाइम हे प्रोटीन, उष्णतेने, दमटपणाने खराब होतं, म्हणून लोक धातूकडे वळतात.

निकेलचं असं असतं की सोडियम हायड्रॉक्साइडमधे (म्हणजे तीव्र अल्कलीत) त्याच्यावर निकेल हायड्रॉक्साइडचा थर बसतो, आणि व्होल्टेज साधारण ०.४ ते ०.५ व्होल्टपर्यंत नेलं (तुलनेसाठीच्या सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या मानाने) की सोल्यूशनमधलं हायड्रॉक्साइड घेऊन त्याचं ऑक्सिहायड्रॉक्साइड होतं, म्हणजे निकेल अजून एक इलेक्ट्रॉन गमावून अधिक दोन प्रभारावरून अधिक तीनवर जातो. हा तीनवाला निकेल ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि स्वतः दोनवर येतो, इलेक्ट्रोड त्याला परत तीनवर चढवतो, आणि हे रहाटगाडगं चालूच राहतं.

मग नॅनोपार्टिकल कशाला? मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे. ग्लुकोज धातूवर फार सावकाश ऑक्सिडाइज होतं (इलेक्ट्रॉन गमावतं), म्हणजे तो पृष्ठभागापर्यंत पोचतो पण तिथे काम उरकायला वेळ घेतो, त्यामुळे जागा वाढवली की करंट वाढतो. याउलट व्हिटॅमिन सी आणि त्याच्यासारखे मधे लुडबुड करणारे रेणू पोचल्या पोचल्या ऑक्सिडाइज होतात, त्यांचा करंट ते किती वेगाने पोचतात यावरच ठरतो, मग तुम्ही पृष्ठभाग कितीही खडबडीत करा, त्यांचा करंट फारसा वाढत नाही. म्हणजे नुसत्या खडबडीतपणामुळे ग्लुकोजचा सिग्नल बाकीच्यांच्या वर निघतो. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याचाच विचार करत बसले होते.

आता अडचण. माझ्या इलेक्ट्रोडवर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमधे ग्लुकोजचा थेंब टाकला की करंट पायरी चढल्यासारखा वर जायचा, इतक्या सुंदर पायऱ्या की मी खूश. मग रक्ताच्या जवळ जावं म्हणून पीएच ७.४ चा फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं सोल्यूशन) घेतला आणि रेष सपाट. मला वाटलं थर निघाला, पॉलिश करून दोनदा परत निकेल चढवलं, तरी तेच. गाइडनी एवढंच विचारलं, हायड्रॉक्साइड कुठून येणार? हिशोब केला तर पीएच ७.४ ला ते माझ्या सोल्यूशनपेक्षा साधारण चार लाख पट कमी असतं. रहाटगाडगं त्याच्याशिवाय फिरतच नाही, तांब्याचंही तेच.

सोनं आणि प्लॅटिनम न्यूट्रल (ना आम्ल ना अल्कली) सोल्यूशनमधे चालतात, पण रक्तात क्लोराइड सुमारे १०० मिलिमोलर आणि ग्लुकोज उपाशीपोटी ५ च्या आसपास, म्हणजे सोन्यावर जागा आधी क्लोराइडच अडवतं. प्लॅटिनमवर तर ग्लुकोज तुटताना जे अर्धवट तुकडे होतात तेच चिकटून बसतात आणि करंट हळूहळू उतरत जातो. शिवाय तीनवाल्या निकेलला ग्लुकोज ओळखता येत नाही, फ्रुक्टोज आलं, इथेनॉल आलं, अमिनो ॲसिड आलं, तो सगळ्यांचे इलेक्ट्रॉन घेतो. ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम मात्र ग्लुकोजमधलासुद्धा बीटा प्रकारच (रेणूच्या दोन रचनांपैकी एक) धरतं, आणि पट्टीवर एन्झाइम टिकून आहे ते या निवडक स्वभावामुळे.

सीरम सोडियम हायड्रॉक्साइडमधे पातळ करून मोजता येतं आणि बरेच पेपर तेच करतात, लॅबमधे ते ठीकच आहे, पण कातडीखाली ठेवायच्या सेन्सरला अल्कली कुठून देणार. त्यामुळे पेपर हातात घेतलात की सेन्सिटिव्हिटीचा आकडा नंतर बघा, आधी मोजमाप कोणत्या सोल्यूशनमधे केलंय, त्यात क्लोराइड होतं का, आणि व्हिटॅमिन सी रक्तातल्या प्रमाणात टाकलं होतं का ते शोधा.

स्वतः करणार असाल तर ग्लुकोजचा स्टॉक (आधी करून ठेवायचं दाट सोल्यूशन) पाण्यातच करा, अल्कलीत ठेवू नका, त्यात ग्लुकोजचं हळूहळू फ्रुक्टोज आणि मॅनोज व्हायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही नेमकं काय मोजताय ते तुम्हालाच कळत नाही.