पहिली धार टाकूनच द्यावी लागते

प्रश्न : ताई, मला आणि माझ्या मित्राला स्वतःचा दारूचा ब्रँड काढायचा आहे. नाव ठरलंय, लेबलही तयार आहे, बाटलीचा नमुना तर समोर टेबलावर ठेवलाय. साठवलेल्या पैशांतून तांब्याची लहान भट्टी घ्यावी म्हणतो. व्हिस्की काढावी की जिन, तेवढंच ठरत नाही. सुरुवात कुठून करावी? — एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रात नाव आहे, लेबल आहे, बाटली आहे. बाटलीत काय ओतायचं तेच राहून गेलंय. मी बावीस वर्षं ब्लेंडर म्हणून, म्हणजे वेगवेगळे माल मिसळून दारूची चव जुळवण्याचं, काम केलं. त्या काळात जे ब्रँड डोळ्यांदेखत बंद पडले, त्यांतल्या बऱ्याच जणांची सुरुवात लेबलापासून झाली होती. म्हणून आधी ती बाटली कपाटात ठेवून द्या.

भट्टीही सध्या घेऊ नका. भट्टी एकटी येत नाही. तिच्यामागून जागा, गाळण्याचा परवाना, आगीपासून संरक्षणाची व्यवस्था, सांडपाण्याची सोय असं सगळं येतं आणि पहिली बाटली विकली जाण्याआधीच साठवलेले पैसे संपतात. परवाना असलेल्या एखाद्या डिस्टिलरीकडून तुमच्या कृतीप्रमाणे माल बनवून घ्या. त्यात कमीपणा अजिबात नाही, बरेच नामांकित ब्रँड असेच उभे राहिलेत. मात्र 'आमच्या भट्टीत गाळलेली' असं लेबलावर छापू नका. हे खोटं कधी ना कधी उघडं पडतं, आणि गिऱ्हाईक पुन्हा त्या बाटलीला हात लावत नाही.

आता व्हिस्की की जिन. व्हिस्की वेळ मागते. स्कॉच म्हणवून घ्यायचं तर स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं मुरावी लागते. तिथल्या थंड हवेतही दरवर्षी पिंपातला साधारण 2 टक्के माल उडून जातो, उष्ण हवेत त्याहून जास्त. म्हणजे 200 लिटरच्या पिंपात पैसे अडकवून वाट पाहायची, आणि तेही कमी कमी होणाऱ्या मालाची. तयार, मुरलेली व्हिस्की विकत घेऊन मिश्रण करता येतं. पण वय छापायचं असेल तर स्कॉचच्या नियमांत मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचंच वय छापावं लागतं, आणि तुम्ही कुठेही असलात तरी हाच नियम पाळा. जिनला मुरवण्याची गरज नाही. न्यूट्रल स्पिरिटमध्ये, म्हणजे स्वतःची चव नसलेल्या कडक अल्कोहोलमध्ये, जुनिपर (जिनला तिचा खास वास देणारं फळ), धणे, अँजेलिकाचं मूळ, संत्र्याची साल घालून ती एका दिवसात गाळून होते. तेव्हा पहिला माल जिनचा काढा.

पण सोपी समजू नका. माझ्या हाताखालच्या एका जिनमध्ये मी जुनिपर आणि साली सढळ हाताने घातल्या होत्या. भट्टीतून आली तेव्हा आरशासारखी स्वच्छ. अल्कोहोल 42 टक्क्यांवर आणायला पाणी घालत गेले, आणि पाहता पाहता अख्खी टाकी ताकाच्या निवळीसारखी गढूळ झाली. फळांच्या सालींतलं, जुनिपरमधलं तेल कडक अल्कोहोलमध्ये विरघळून राहतं; पाणी वाढलं की बाहेर पडतं. फिल्टरमधून काढली असती तर गढूळपणा गेला असता आणि वासही गेला असता. शेवटी मसाले कमी करून सगळी भट्टीत नव्याने गाळली. तेव्हापासून माझा शिरस्ता आहे, टाकीत पाणी घालण्याआधी एका ग्लासात घालून रात्रभर ठेवायचं. पाणीही क्षार काढलेलंच हवं, नाहीतर काही आठवड्यांनी बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसतो. आणि हिशेब करताना ध्यानात ठेवा, 50 लिटर शुद्ध अल्कोहोल आणि 50 लिटर पाणी मिसळलं तर 100 लिटर भरत नाही, 96-97 च्या आसपास भरतं.

कुणाकडूनही माल बनवून घेतलात तरी गाळण चालू असताना तिथे जाऊन उभे राहा. आपण कौतुकानं 'पहिल्या धारेची' म्हणतो, पण खरी पहिली धार टाकूनच द्यावी लागते. तळहातावर दोन थेंब चोळून वास घ्या, नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा झोंबतो. हळूहळू तो निवळतो, गोडसर स्वच्छ होतो. शेवटाकडे भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास यायला लागतो. मधला भाग कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा, तिथे तुमच्या ब्रँडची चव ठरते. माल जास्त निघावा म्हणून ही रेघ पुढे-मागे सरकवायला कुणी सुचवलं, तर त्या माणसाबरोबर धंदा करू नका.

नावाचं म्हणाल तर छापण्याआधी ट्रेडमार्कची नोंद तपासा. दारू वर्ग 33 मध्ये येते, बिअर 32 मध्ये. दोन्हीकडे बघा, मिळतंजुळतं नावही अडचणीचं ठरतं.

पैशांचा ताण कुठे येतो तेही सांगते. बहुतेक ठिकाणी उत्पादन शुल्क माल गोदामातून बाहेर पडतानाच भरावं लागतं, दुकानदार पैसे देतो नंतर. ही मधली पोकळी भरून काढायला रक्कम वेगळी ठेवा, तिला जाहिरातीसाठी हात लावू नका. आणि प्रत्येक घाण्याची एक बाटली लाख लावून, तारीख घालून जपून ठेवा. पुढचा घाणा तिच्याशेजारी ठेवून चाखल्याशिवाय बाटलीत भरू नका.

प्रश्न : आधी घरीच थोडी गाळून पाहिली तर चालेल का? — दुसरे एक वाचक

उत्तर : नाही. बहुतेक देशांत तो गुन्हा आहे आणि अल्कोहोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. गाळायची गरजही नाही. विकतची साधी व्होडका घ्या, लहान बरण्यांत एकेक मसाला वेगवेगळा भिजत घाला. दुसऱ्या दिवशी गाळणीतून काढून, ड्रॉपरने थेंब मोजत मिसळा आणि प्रत्येक मिश्रणाचं प्रमाण वहीत लिहा. वास घेण्याआधी जवळपास तेवढंच पाणी घालून 20 टक्क्यांच्या आसपास आणा. ब्लेंडरही तसंच करतात, कारण कडक अल्कोहोलने नाक बधिर होतं आणि दोष लपून राहतात.