1911 साठी अर्ज टाकायचा म्हणताय, तर आधी हे वाचा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. अमेरिकन सरकार लष्करातली जुनी .45 कॅलिबरची पिस्तुलं (मॉडेलचं नाव 1911) लोकांना स्वस्तात विकतं असं कानावर आलंय, तर संग्रहासाठी घ्यावं का आणि कसं मिळतं. आणि पुण्यातल्या चुलतभावालाही एक हवंय, त्याच्यासाठी तुम्ही घेऊ शकाल का.

भावाचं आधी संपवतो. नाही. इथे अमेरिकेत बंदुकीच्या डीलरकडे जो 4473 फॉर्म भरायचा असतो, त्यात खरा खरेदीदार तुम्हीच आहात का, असा सरळ प्रश्न असतो. दुसऱ्याच्या पैशाने त्याच्यासाठी घेऊन तिथे "हो" लिहिलंत तर तो फेडरल गुन्हा आहे. बंदूक देशाबाहेर पाठवणं हे आणखी वेगळं लफडं. आणि भारतात आपला शस्त्र कायदा आहेच. लष्करी काडतूस चालणारी पिस्तुलं बहुधा प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या मापात, मोडतात, आणि सामान्य परवानाधारकाची गाडी बहुतेक वेळा .32 वर थांबते. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. भावाला फोटो पाठवा, खूश होईल.

आता तुमचं. पहिली दुरुस्ती म्हणजे "सरकार विकतं" हे अर्धंच खरं. विकते ती सीएमपी, म्हणजे सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम. 1903 पासूनची सरकारी योजना, नागरिकांना नेमबाजी शिकवायची म्हणून. 1996 मध्ये काँग्रेसने तिची ना-नफा संस्था करून टाकली. अलाबामात अ‍ॅनिस्टनला आणि ओहायोत कॅम्प पेरीला त्यांचं बस्तान आहे. एम1 गॅरंड रायफली त्यांनी वर्षानुवर्षं विकल्या. पिस्तुलं मात्र मिळत नव्हती. 1985 मध्ये लष्कराने 9 एमएमचं बेरेटा पिस्तूल घेतलं, आणि 1911 पिस्तुलं अ‍ॅनिस्टनच्या डेपोत पेट्यांमध्ये पडून राहिली. तिथले खासदार माइक रॉजर्स यांचं गणित सोपं होतं: एक लाखाच्या आसपास पिस्तुलं आणि नगामागे वर्षाला सुमारे 2 डॉलर सांभाळणावळ. 2015 च्या संरक्षण कायद्यात वर्षाला 10 हजारांपर्यंत पिस्तुलं सीएमपीला द्यायची मुभा आली, पण मुभाच ती, पिस्तुलं काही हलली नाहीत. डिसेंबर 2017 च्या कायद्याने "द्यावीत" असं झालं तेव्हा 2018 मध्ये पहिली 8 हजार बाहेर आली.

आणि मग जे झालं ते आपल्या माणसाला म्हाडाची सोडत म्हटलं की लगेच कळेल. 4 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर 2018 या काळातला टपालाचा शिक्का असलेलाच अर्ज चालणार, स्वतः नेऊन दिलेला नाही, एकाला एकच. 8 हजार पिस्तुलांना दुपटीहून जास्त अर्ज आले. मग संगणकाने प्रत्येकाला एक यादृच्छिक क्रमांक दिला आणि त्या क्रमाने फोन करायला सुरुवात केली. माझा नंबर मधल्या फळीतला होता. पुढचं जवळपास वर्षभर अनोळखी नंबरचा एकही फोन मी सोडला नाही. गाडीची वॉरंटी विकणाऱ्यांशीही इतकं गोड बोललो की बायको म्हणाली, तुला झालंय काय.

पुढे आणखी फेऱ्या झाल्या आणि अर्जाचे तपशील बदलत गेले, त्यामुळे तुम्ही अर्ज काढाल तेव्हाचेच नियम वाचा. पण गाभा असा: अमेरिकन नागरिकत्वाचा पुरावा (ग्रीन कार्ड चालत नाही, तुमचं अजून ग्रीन कार्डच असेल तर इथेच थांबा), वय 21, सीएमपीशी संलग्न क्लबचं सभासदत्व आणि नेमबाजीत भाग घेतल्याचा पुरावा. शिवाय एका डीलरच्या परवान्याची प्रत, कारण पिस्तूल तुमच्या घरी येत नाही, डीलरच्या दुकानात जातं. पार्श्वभूमी तपासणी दोनदा होते, एकदा सीएमपी करते आणि एकदा डीलर. आमच्यासारख्या संग्राहकांना इथे एक ठेच लागली. 50 वर्षांपेक्षा जुन्या शस्त्रांसाठी संग्राहकांचा स्वतःचा 03 परवाना असतो, त्यावर जुनी रायफल थेट दारात येते. 1911 साठी तो चालत नाही म्हटल्यावर आमच्या क्लबात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आणि तुम्ही न्यू जर्सीत आहात, तर तिथे प्रत्येक पिस्तुलासाठी पोलिसांकडून वेगळा परमिट लागतो आणि त्याला मुदत असते. तो फार लवकर काढून ठेवू नका, फोन यायच्या आत संपेल.

डीलर आधी गाठा आणि त्याच्याशी नीट बोला. मी जवळचा म्हणून एक दुकान निवडलं आणि नुसती परवान्याची प्रत मागून घेतली. पिस्तूल तिथे पोचल्यावर खोकं तीन आठवडे काउंटरखाली पडून होतं, मला कळवायला कुणाला आठवलंच नाही. वर ट्रान्सफरचे पैसे ठरल्यापेक्षा जास्त. भांडलो नाही, माझीच चूक, लिहून घ्यायला हवं होतं.

आता "स्वस्तात". पहिल्या फेरीत पिस्तुलाच्या अवस्थेप्रमाणे तीन ग्रेड होते: सर्व्हिस 1,050 डॉलर, फील्ड 950, रॅक 850. त्याच वर्षी त्याच घाटाचं कोरं करकरीत पिस्तूल दुकानात पाच-सहाशेला मिळत होतं. आमच्या क्लबातले एक आजोबा सांगतात की 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला हेच 1911 सीएमपीच्या आधीच्या सरकारी कार्यालयाकडून 17 डॉलरला मिळायचं. ते सांगताना त्यांचा चेहरा दादरला पागडीवर खोली घेतलेल्या माणसासारखा होतो. ते दिवस गेले. नेम मारायला पिस्तूल हवं असेल तर नवं घ्या, डोळे मिटून.

मग हे कशाला घ्यायचं? तुम्ही लिहिलंय की "कोल्टचं, सगळे भाग मूळचे" हवं. तसं मनात धरून अर्ज करणार असाल तर करू नका. बनवणारा तुम्ही निवडत नाही, फक्त ग्रेड निवडता. विशेष नग ते बाजूला काढून लिलावात टाकतात, ते या सोडतीत येत नाहीत. सोडतीत येतं ते बहुतेक वेळा खिचडी असतं. लष्कराने शेवटचं 1911 पिस्तूल 1945 मध्ये बनवून घेतलं, त्यानंतर चाळीस वर्षं तीच पिस्तुलं वापरली. रॉक आयलंड, ऑगस्टा, रॅरिटन, अ‍ॅनिस्टन अशा शस्त्रागारांत ती खोलायची, भाग एका टोपलीत, धुवायचे, मोजायचे, झिजलेले फेकायचे आणि हाताला येईल त्यातून पुन्हा जोडायचे. कोणाची स्लाइड (वरचा सरकणारा भाग) कोणाच्या फ्रेमवर (खालचा सांगाडा), याची तिथे कुणाला फिकीर नव्हती. कोल्टचं पिस्तूल "शुद्ध" राहिलं असेल तर त्याचा एक अर्थ असाही की ते फारसं वापरलंच गेलं नाही.

मी फील्ड ग्रेड घेतलं. प्लास्टिकच्या कडक पेटीत, सोबत एक मॅगझिन. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल पसरून उघडलं. रंग राखाडी हिरवट, पार्कराइझ केलेला (गंज रोखणारा फॉस्फेटचा थर), स्लाइडच्या कडांना घासून पांढरा पडलेला. फ्रेमवर उजवीकडे "युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी" आणि डाव्या बाजूला तपासनिसाची आद्याक्षरं, एफजेए. म्हणजे फ्रँक अ‍ॅटवूड, म्हणजे फ्रेम रेमिंग्टन रँड किंवा इथाका यांपैकी एकाची. नंबर यादीत पाहिला, रेमिंग्टन रँड, 1943. पण स्लाइडवर कंपनीचं नावच नाही, नुसता 7790314 हा आराखड्याचा क्रमांक. ती युद्धानंतर बदलून बसवलेली कडक पोलादाची स्लाइड. बॅरलच्या बुंध्याशी बारीक एचएस, हाय स्टँडर्डची, रेमिंग्टन रँडला बॅरल पुरवणारी कंपनी. नळीत गंजाचे बारीक खड्डे, त्या काळच्या बऱ्याच काडतुसांच्या प्रायमरमुळे नळी साफ केली नाही की गंजायचीच. मुठीच्या पट्ट्या काढल्या तर खाली वाळून मेणासारखं झालेलं ग्रीस आणि त्यात चार कण वाळूचे. कुठली वाळू देव जाणे. ती मी पुसली नाही, एका छोट्या पुडीत ठेवलीय.

रेमिंग्टन रँड म्हटल्यावर मला हसूच आलं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टांची खटखट आठवा, टायपिंगच्या परीक्षेसाठी आपल्यातल्या कित्येकांनी बडवलेला तो रेमिंग्टन कीबोर्ड आठवा. त्याच टाइपरायटरवाल्या घराण्याने न्यूयॉर्कमधल्या सिरॅक्यूजला युद्धकाळात पावणेनऊ लाखांच्या आसपास पिस्तुलं बनवली, कोल्टपेक्षाही जास्त. रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विचने 55 हजार. आणि आजीच्या शिलाई मशीनवाल्या सिंगरने फक्त 500, जमतंय का बघायला दिलेली चाचणीची ऑर्डर. ती 500 आज लिलावात लाखांत जातात, डॉलरमध्ये. तुमच्या पेटीत सिंगर निघणार नाही. तरी पेटी उघडताना प्रत्येकाची नजर आधी स्लाइडवर जाते, माझीही गेली.

मिळालंच, तर पॉलिश करू नका, नव्याने ब्लूइंग (निळसर काळा मुलामा) तर अजिबात नको. संग्राहकाच्या बाजारात चकाकी म्हणजे घट. कुठला भाग "योग्य" करायचा म्हणून बाहेरून विकत घेऊन बसवू नका, निदान पहिली दोन वर्षं. एक गोष्ट मात्र बदला, रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइड परत पुढे ढकलणारं. मूळ 16 पौंडांचं असतं, तेवढंच नवं आणा, किरकोळ पैशाचं काम आहे. जुनं काढून डब्यात ठेवा, पिस्तुलासोबतच राहू दे. ते काढताना प्लगवर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणाऱ्या टोपणावर, अंगठा घट्ट दाबून ठेवा. मी ठेवला नाही, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या छताला अजून अर्धचंद्राकृती खूण आहे. प्लग फ्रिजमागे सापडला.

पहिल्यांदा चालवताना मॅगझिनमध्ये सात न भरता दोनच भरा. पन्नास काडतुसांत माझं तीनदा अडकलं, तिन्ही वेळा मॅगझिनचा दोष. नवं मॅगझिन घातल्यावर आजतागायत तक्रार नाही.

अर्ज भरताना क्लबच्या कार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोडा. मी एकच बाजू काढली होती आणि पाकीट पेटीत टाकल्यावर आठवलं. सुदैवाने तेवढ्यावर भागलं, पण ते काही महिने झोप नीट लागली नाही. फ्रेम आणि स्लाइडचे फोटो संध्याकाळी टाकतो, नंबर झाकून.